फोटोतलं भरलेलं ताट

सलग पाचव्या दिवशी पिवळा ठिपका आला तेव्हा तिसरीने फोन उशीवर आपटला. उशीवर अशासाठी, की राग कितीही आला तरी फोन फुटला तर उद्याचा ठिपका पाहायचा कशावर, एवढं भान तिला होतं. ठिपक्याखाली आहारताईंची एकच ओळ होती : ‘सांगूनही भात तेवढाच दिसतोय. अजून निम्मा कर.’

निम्म्याचाही निम्मा. आता ताटात वाढायचं काय आणि मोजायची काय, शितं?

तिसरी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. दीड वर्षापूर्वी ती क्लबच्या मैदानावर पहिल्यांदा पळाली, तिसरी आली, आणि सरांना नाव काही केल्या आठवेना. ‘ए तिसरी, पाणी पी,’ ते म्हणाले आणि तेवढ्यावर बारसं उरकलं. पुढे ती पंधराशे मीटरमध्ये दुसरी येऊ लागली, तरी नाव काही सुधारलं नाही. तक्रार करायची सोय नव्हती, कारण क्लबातल्या सगळ्यात वेगवान मुलीला सगळे गोगलगाय म्हणायचे आणि ती बिचारी त्या हाकेलाही पळतच यायची.

येत्या रविवारी निवड चाचणी होती. पंधराशे मीटरच्या पहिल्या दोन मुली विभागाच्या स्पर्धेला जाणार. एक जागा गोगलगायीची, त्यात कुणाला शंका नव्हती. दुसरी जागा तिसरीची, असं महिन्यापूर्वीपर्यंत सगळे म्हणत होते. आता म्हणेनासे झाले होते.

कारण होतं तिचं घड्याळ. महिन्यापूर्वी तिने अंतर पाच मिनिटं दोन सेकंदांत कापलं होतं. मग पाच नऊ. गेल्या मंगळवारी पाच सोळा. शेवटच्या फेरीत पाय म्हणजे दुसऱ्याकडून उसने आणलेले आणि आता परत मागितलेले वाटत होते. वर्गात गणिताच्या तासाला तिची मान अशी डुलत होती, की बाई म्हणाल्या, ‘उत्तर पटलंय असं दिसतंय.’ वर्ग खो खो हसला. तिसरीला मात्र पोटातल्या कावळ्यांच्या ओरड्यापुढे काही ऐकूच येत नव्हतं.

आणि तरी ठिपका पिवळा. जास्त खातेस म्हणून.

ठिपक्यांची ही पद्धत क्लबात नवीनच होती. पळणारे, उड्या मारणारे, गोळा फेकणारे, सगळे मिळून बेचाळीस जण. प्रत्येकाने जेवायच्या आधी ताटाचा फोटो काढायचा, ताटाशेजारी पेन किंवा पेन्सिल ठेवायची, म्हणजे ताट केवढं ते कळतं, आणि फोटो पाठवून द्यायचा. व्यायामशाळेसमोरच्या छोट्या खोलीत बसून आहारताई ते फोटो पाहायच्या, कुणाच्या पोटात किती गेलं त्याचा अंदाज बांधायच्या आणि संध्याकाळी ठिपका धाडायच्या. हिरवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे कमी किंवा जास्त. लाल म्हणजे पालकांना घेऊन ये. आणि लाल ठिपका निस्तरला नाही तर मैदानावर पाऊल टाकायचं नाही, चाचणी असो नाही तर काही असो. दोन वर्षांपूर्वी एक उपाशी मुलगी पळता पळता कोसळली होती, तेव्हापासून सर या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

बाकीच्यांचे फोटो म्हणजे नुसता आनंद. कुणाचा अंगठाच अर्ध्या ताटावर, कुणाच्या भातावर स्वतःच्याच डोक्याची सावली, एका गोळाफेक्याच्या प्रत्येक फोटोत मांजराची शेपटी. तिसरीचे फोटो मात्र पाहत राहावेत असे. कारण ते तिचे नव्हतेच, तिच्या बाबांचे होते.

घराच्या पुढच्या खोलीत बाबांचा फोटो स्टुडिओ होता. एके काळी तिथे जोडपी, बाळं, आजी-आजोबांसकट अकरा माणसांची कुटुंबं येऊन बसत. पुढे ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला आणि बाबांकडे उरले ते ओळखपत्राचे फोटो. ‘हनुवटी वर. हसू नका. झालं.’ माणसांना हसू नका सांगण्यात ज्याचा अख्खा दिवस जातो, त्याला एके दिवशी लेकीने सांगितलं, की माझ्या ताटाचा रोज फोटो काढायचाय. बाबांचे डोळे असे चमकले, की आईने स्वयंपाकघरातून विचारलं, काय लॉटरी लागली का.

तेव्हापासून जेवण म्हणजे सोहळा झाला. ताट खिडकीपाशी न्यायचं. एका बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करायचा, म्हणजे उजेड उलट फिरून भाजीवर पडतो. फोन वरून धरायचा नाही, ताटाच्या काठाशी खाली धरायचा, म्हणजे भाताचा डोंगर दिसतो. डोंगर दिसत नसेल तर भाताखाली एक वाटी पालथी घालायची. ‘भाताला आधार लागतो,’ बाबा म्हणायचे, जसं काही भात म्हातारा झालाय. भाजी कोरडी दिसली तर ब्रशने तेलाचा एक हात. आणि निळं प्लास्टिकचं पेन त्यांना बघवेना. त्यांच्या खिशातल्या डायरीच्या कण्यात खोचलेली एक लाकडी पेन्सिल होती, काडीसारखी बारीक आणि बोटाएवढी लांब, अगदी घडवल्यासारखी. ती ते ताटाशेजारी तिरपी ठेवायचे. पेन किंवा पेन्सिल असं नियमातच होतं, मग कुणाची हरकत असणार?

पहिल्या आठवड्यात आहारताईंनी तिसरीचा फोटो छापून फलकावर लावला आणि खाली लिहिलं, ‘असे स्पष्ट फोटो पाठवा.’ बाबा मुद्दाम मैदानावर येऊन तो फलक पाहून गेले. बूट बांधायच्या निमित्ताने दोनदा वाकले आणि दोनदा पाहिला. तिसरीची छाती अभिमानाने अशी फुगली, की त्या दिवशी पळायलाही नको होतं, नुसतं तरंगत गेली असती.

मग पिवळे ठिपके सुरू झाले. तेल कमी कर. भात कमी कर. अंडी दोन पुरे. तिसरी म्हणजे सांगितलेलं ऐकणारी मुलगी. तिने भात कमी केला, तेल कमी केलं, तिसरं अंडं धाकट्या चुलतभावाच्या हवाली केलं आणि तो चाटूनपुसून खात असताना भिंतीकडे पाहत बसली. पण ठिपका पिवळाच. अजून कमी. अजून कमी. एकीकडे ताई खाऊ देईनात आणि दुसरीकडे बाबा गरम खाऊ देईनात, कारण उजेड मनासारखा पडेपर्यंत जेवणाला हात लावायचा नाही.

आई बस चालवायची. पहाटे जायची, दुपारी यायची, आणि तिच्या तोंडाला शहरातल्या रिक्षावाल्यांनी चांगली धार लावली होती. एकदा हे फोटोप्रकरण बघून ती म्हणाली, ‘अन्न निवतंय, पोरगी वाळतेय आणि तुमचं अजून ऊनच चाललंय.’ बाबा म्हणाले, एक मिनिट. आई म्हणाली, तुमच्या एका मिनिटात माझी बस तीन थांबे घेते.

वजनाच्या काट्यावर तिसरी सत्तेचाळीसवरून साडेचव्वेचाळीसवर आली होती. गोगलगाय तिच्याकडे पाहून म्हणाली, की तू आडवी वळलीस की दिसेनाशी होतेस गं. गंमतच होती ती, पण तिसरी त्यावर अशी फिस्कारली, की दोघी दोन दिवस बोलल्या नाहीत. हल्ली तिला सगळ्याचाच राग यायचा. बुटाच्या नाड्यांचा यायचा. शाळेच्या घंटेचा यायचा. जाहिरातीतल्या पावाचा तर फारच यायचा.

उलगडा झाला तो बुधवारी, आणि तोही बाबा घरी नव्हते म्हणून. एका कारखान्यातल्या कामगारांचे ओळखपत्रांचे फोटो काढायला ते सकाळीच गेले होते. तिसरीने नेहमीच्याच लहान ताटलीत नेहमीएवढाच भात घेतला, दोन अंडी, चमचाभर भाजी. थर्माकोल उभा करायचा तिला कंटाळा आला. शेजारी शाळेचं पेन टाकलं, उभं राहून वरून फोटो काढला, पाठवला आणि जेवण गरम असतानाच संपवलं. त्याला अडीच मिनिटं लागली.

संध्याकाळी ठिपका पिवळाच होता. पण ओळ वेगळी होती. ‘आज इतकंच? बरं नाही का?’

तिसरी त्या ओळीकडे बघत बसली. मग तिने कालचा फोटो काढून आजच्या शेजारी ठेवला. कालच्यात परातीएवढ्या ताटात पैलवानाचं जेवण होतं. आजच्यात बशीएवढ्या ताटलीत पाखराचं. ताटली तीच होती. काठावरचा टवकाही त्याच जागी होता. फरक फक्त शेजारच्या वस्तूत होता. पेन ताटलीच्या या काठापासून त्या काठापर्यंत जवळजवळ पोचलं होतं, आणि बाबांची चिमुकली पेन्सिल निम्म्यापर्यंतही नव्हती. ती इतकी प्रमाणशीर होती, की बघणाऱ्याला ती साधी, पूर्ण लांबीची पेन्सिलच वाटावी. पेन्सिल पूर्ण लांबीची मानली की ताट आपोआप परात होतं.

म्हणजे ताई महिनाभर जिला कमी खायला सांगत होत्या, ती मुलगी या जगात नव्हतीच. ती फक्त फोटोत होती आणि भरपूर जेवत होती.

तिसरीला आधी हसू आलं. मग एवढा राग आला की कान गरम झाले. आणि मग बाहेरून बाबांची चाहूल लागली आणि दोन्ही ओसरलं. ते दमून आले होते, एकशे दहा लोकांना हसू नका सांगून, आणि आल्या आल्या त्यांनी पहिला प्रश्न विचारला, आज ताटाचा फोटो कोणी काढला, बरा आला का. तिने सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच असणार, फक्त दाबणारा हातही तिचाच होता.

तिने आईला सांगितलं. आईने दोन्ही फोटो पाहिले आणि कपाळाला हात लावला. मग म्हणाली, की मी सांगितलं तर भांडण होईल आणि तू सांगितलंस तर वाईट वाटेल. भांडण आम्हाला रोजचं आहे, पण हे तुझं आहे, तूच सांग.

तिसरीने त्यातून पळवाट काढली. ती पळणारीच होती. गुरुवार-शुक्रवार तिने बाबांना टाळून, शाळेची घाई आहे म्हणून, सगळे फोटो स्वतःच काढले. वरून, पेन ठेवून, खरे. तिला वाटलं, ताईंना खरं ताट दिसेल, त्या म्हणतील जास्त खा, आणि बाबांना काही कळायच्या आत सगळं मार्गी लागेल.

शुक्रवारी संध्याकाळी लाल ठिपका आला.

शनिवारी सकाळी ती आणि बाबा आहारताईंच्या खोलीत बसले. खोली एवढीशी, तिघांचे गुडघे टेबलाखाली एकमेकांना लागत होते. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांना वाटत होतं, की फोटोंबद्दल काहीतरी बोलणं असणार. रस्त्यात ते म्हणालेही होते, की बेचाळीस मुलांना शिकवायला सांगितलं तर रविवारी जमेल का तुझ्या सरांना.

ताई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या इतक्या हळू, इतक्या मायेने बोलायला लागल्या, की तिसरीच्या अंगावर काटा आला. त्यांनी संगणकावर फोटो ओळीने लावले. महिनाभर भरलेली ताटं. मग एकदम तीन दिवस दोन घास. आणि शेजारी वजन, उतरत उतरत गेलेलं. बाबा पुढे झुकून म्हणाले, हा दुसऱ्या ओळीतला चांगला आलाय, नाही?

‘फार चांगला,’ ताई म्हणाल्या. ‘पण हे एवढं जेवण पोटात गेलं असतं तर हिचं वजन वाढलं असतं. मग ते जातं कुठे?’

बाबांना प्रश्न कळला नाही. ताईंनी तो उकलून सांगितला. काही मुली फोटो काढतात आणि अन्न टाकून देतात. वाईट नसतात त्या, घाबरलेल्या असतात. कुणाला सांगता येत नाही. मग फोटोही नकोसा होतो आणि मग असे दोन घास दिसायला लागतात. यावर मदत मिळते, पण तोवर पळणं बंद.

बाबांचा चेहरा तिने आयुष्यात असा पाहिला नव्हता. ते उभे राहायला गेले, गुडघा टेबलाला आपटला, पुन्हा बसले. म्हणाले, ‘माझी मुलगी अन्न टाकत नाही. आणि खोटं बोलत नाही.’

‘मग फोटो खोटे आहेत असं म्हणायचं का?’ ताईंनी विचारलं.

‘फोटो माझे आहेत,’ बाबा म्हणाले.

तिसरीला कळलं की आता आणखी पळायला जागा उरलेली नाही. गप्प बसावं तर उद्याची चाचणी गेली आणि अन्न टाकणारी म्हणून शिक्का कायमचा. बोलावं तर बाबा इथेच, समोरच, इस्त्रीच्या शर्टात. तिने हात पुढे केला, बाबांच्या खिशातली डायरी काढली, तिच्यातली पेन्सिल ओढली आणि ताईंच्या टेबलावर त्यांच्या पेनाशेजारी ठेवली. पेन्सिल पेनाच्या निम्मीही नव्हती.

‘ताई, ताट लहान आहे,’ ती म्हणाली. ‘पहिल्यापासून, फोटोत दिसतं त्याहून लहान आहे. मी सगळं खाल्लंय. तुम्ही सांगितलं तसं कमी करत गेले, आणि कमी केलेलं दिसलंच नाही.’

ताईंनी खणातून पट्टी काढली. पेन्सिल मोजली. पुन्हा मोजली. मग संगणकाकडे वळल्या आणि एकेक फोटो मोठा करून पाहू लागल्या. बाहेर कुणीतरी वजनं खाली ठेवत होतं, त्याचा धाडधाड आवाज येत होता.

‘भाताखाली वाटी पण असते,’ बाबा म्हणाले.

कुणी विचारलं नव्हतं. ते खाली बघून, स्वतःशीच बोलल्यासारखे सांगत गेले. भाजीवरचं तेल वरून लावलेलं असतं, आत फारसं नसतं. ती वाढून घ्यायची ते रोज थोडं थोडं कमी होत गेलं, ते त्यांना दिसत होतं. मोठ्या ताटात ते कसंतरी दिसायला लागलं, म्हणून त्यांनी लहान ताटली काढली. पोरीचं ताट जगाला रिकामं दिसू नये, एवढंच मनात होतं. ‘कमी का वाढून घेते, हे विचारायला पाहिजे होतं,’ ते म्हणाले. ‘मी वाटी घातली.’

ताईंनी डोळे चोळले. त्या म्हणाल्या, की चूक त्यांचीही आहे, रोज सव्वाशे फोटो समोर येतात, तरी एकदा हिला बोलावून ताट घेऊन ये म्हणायला काय हरकत होती. मग त्यांनी सरांना बोलावलं. सरांनी सगळं उभ्या उभ्या ऐकलं. तिसरीला एक क्षण वाटलं, की आता ते हसतील, पाठीवर थाप मारतील आणि म्हणतील, जा, उद्या पळ.

सरांनी वजनाचा आकडा पाहिला आणि मान हलवली. अन्न टाकलं नाहीस हे पटलं, ते म्हणाले, तो लाल ठिपका पुसला. पण महिनाभर अर्धपोटी धावलेल्या मुलीला मी उद्या चाचणीत उतरवणार नाही. तीन आठवडे नीट खा, नीट नोंद होऊ दे, मग ये.

‘तीन आठवड्यांनी काय पळू, सर? निवड उद्या आहे.’

‘पुढच्या वर्षी आहेच की.’

पुढच्या वर्षी. मोठी माणसं हे शब्द असे वापरतात, जसं पुढचं वर्ष म्हणजे पुढचा थांबा. तिसरीला काहीतरी फेकावंसं वाटलं आणि हाताशी फक्त ती पेन्सिल होती. तीही तिने फेकली नाही. खोटं पकडलं गेलं असतं तर निदान शिक्षा तरी समजली असती. इथे सगळे खरे होते, सगळ्यांनी तिच्या भल्याचंच केलं होतं, आणि जागा मात्र तिची गेली होती.

बाहेर पडल्यावर दोघं घराकडे चालू लागले. बाबा तिच्या मागे एक पाऊल होते. कोपऱ्यावर आल्यावर त्यांनी विचारलं, ‘राग आलाय?’

‘हो.’

‘माझा?’

‘तुझा. ताईंचा. सरांचा. माझा पण, बुधवारी कळलं तेव्हाच बोलले नाही म्हणून.’ तिचा आवाज फुटला. ‘पण सगळ्यात जास्त तुझा, बाबा. मी भुकेली होते आणि तू ऊन बघत होतास.’

बाबांनी मान डोलावली. सारवासारव केली नाही, जवळ घेतलं नाही, फक्त मान डोलावली. त्यामुळे तिला आणखीच रडू आलं, कारण आता भांडायलाही काही उरलं नव्हतं. आणि नेमकं तेव्हाच तिच्या पोटाने असा आवाज काढला, की शेजारून जाणाऱ्या बाईंनी वळून पाहिलं.

समोर एक खाणावळ होती. बाबांनी दार ढकललं. तिसरीने भात मागवला, अंडी मागवली, पाव मागवला, दही मागवलं, आणि वाढप्याने आणखी किती जण येणार आहेत असं विचारलं तेव्हा कुणीच नाही म्हणून सांगितलं. ताटं आली, वाफाळती, भाजीचा रस पार काठावरून सांडलेला. तिने डोळे पुसले, नाक पुसलं आणि घास घेतला. जीभ पोळली. तरी थांबली नाही. ती रडत होती आणि जेवत होती, आणि दोन्हीची घाई झाली होती. पहिलं ताट संपलं. बाबांनी न विचारता आपला भात तिच्याकडे सरकवला. तोही संपला.

शेवटचा पावाचा तुकडा तिने दह्यात बुडवून तोंडात टाकला तेव्हा बाबा एकदम ताठ बसले.

‘अगं, फोटो.’

तिसरी समोरच्या ताटांकडे बघत राहिली. पुसून ठेवल्यासारखी लख्ख होती सगळी. नीट नोंदीच्या एकवीस दिवसांतला पहिला दिवस, आणि जेवणाचा पुरावा शून्य.

‘उद्यापासून धर,’ ती भरल्या तोंडाने म्हणाली. म्हणजे आता एकवीस नाही, बावीस दिवस. तिने हात वर करून वाढप्याला बोलावलं आणि आणखी एक अंडं मागवलं.